चार्जरसमोरची जागा कोणाची?

या मालिकेत कायद्याचे, अर्थकारणाचे मोठाले विषय होतात. आजचा विषय त्या मानाने लहान आहे. मोजूनच सांगायचं तर साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे एक मोटार उभी राहील एवढा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरसमोर जी जागा आखलेली असते, तिथे गाडी कोणी लावायची, किती वेळ लावायची, आणि नको त्याने लावली तर काय करायचं, एवढंच आज पाहायचं आहे. आम्ही उदाहरणं नांदेड आणि लातूरची घेणार आहोत. कारण हा प्रश्न मुंबई-पुण्यात जेवढा टोचतो, त्याहून आपल्याकडे जास्त टोचतो.

का ते आधी हिशेबाने बघू. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला यायचं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने साधारण एकशे चाळीस किलोमीटर. एखाद्याची मोटार एका चार्जमध्ये प्रत्यक्षात दोनशे किलोमीटर जाते असं धरा. (कंपनीच्या पत्रकातला आकडा वेगळा असतो, आणि मे महिन्यात एसी लावून बेचाळीस अंशांत चालवलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो.) नांदेडला रात्रभर घरी चार्ज करून निघालेला माणूस लातूरला पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ साठेक किलोमीटरची वीज उरते. म्हणजे परत जायचं असेल तर लातुरात चार्जिंग करावंच लागणार. पुढे सोलापूरला जायचं असेल तर आणखी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, तेव्हाही करावंच लागणार. आता हा माणूस चार्जरपाशी येतो आणि बघतो तर समोर एक डिझेलची गाडी लावलेली. ड्रायव्हर गेला आहे गंजगोलाईत खरेदीला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आता त्याला कोणत्या रस्त्यावर शोधायचं?

मुंबईत असं झालं तर माणूस चरफडत पुढच्या चार्जरला जातो. आपल्याकडे पुढचा चार्जर कधी कधी पुढच्या तालुक्यात असतो. राज्याचं २०२१ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण आठवा. त्यात सार्वजनिक चार्जिंगची उद्दिष्टं ज्या सात नागरी क्षेत्रांसाठी ठरवली होती, त्यांत मराठवाड्यातलं एकच नाव होतं, तेव्हाचं औरंगाबाद. नांदेड नव्हतं, लातूर नव्हतं. २०२५ च्या नव्या धोरणात महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे, ते झालं की चित्र बदलेल. तोपर्यंत पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या आवारात, शोरूमबाहेर जे काही चार्जर दिसू लागले आहेत, त्यांतला एक अडला की मोठा तुकडा अडला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चार्जरसमोरच्या जागेला आपण पार्किंग म्हणतो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. पार्किंगमध्ये गाडी ‘ठेवायची’ असते. चार्जरपाशी गाडी ‘भरायची’ असते. लातूरकरांना हा फरक समजावून सांगायची गरज नसावी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, आणि त्याच्या आधी शहरात पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. त्या दिवसांत नळावर किंवा टँकरवर एक न लिहिलेला नियम सगळे पाळत होते: नंबर आला की घागर लावायची, भरली की उचलायची. रिकामी घागर नुसती जागा धरायला ठेवलेली चालत नाही, आणि भरलेली घागर नळाखाली तशीच ठेवलेलीही चालत नाही. चार्जरच्या जागेचे जगभरातले नियम वाचले तर सगळ्यांच्या मुळाशी हेच दोन नियम निघतात.

फरक एकच आहे. नळाखालची दुसऱ्याची घागर तुम्ही बाजूला सरकवू शकता. मोटार सरकवता येत नाही. इतकंच काय, चार्जिंगची गन पण सहसा निघत नाही. सीसीएस-२ प्रकारची गन गाडीच्या सॉकेटमध्ये लॉक होते आणि मालकाने गाडी उघडल्याशिवाय सुटत नाही. ही सुरक्षेची सोय आहे, चांगलीच आहे, पण त्यामुळे चार्जिंग संपलेली गाडी तिथेच राहिली तर मागच्याला हात चोळत बसण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून अडवणूक करणारे दोन प्रकारचे असतात हे लक्षात घ्या. एक, पेट्रोल-डिझेलची गाडी लावून जाणारा. दुसरा, इलेक्ट्रिक गाडी असूनही चार्जिंग न करणारा, किंवा संपल्यावर न हलणारा. पहिल्यावर सगळे चिडतात. दुसरा मात्र ‘माझी हिरवी पाटी आहे, ही जागा माझीच’ म्हणून छाती पुढे काढून उभा असतो. आमच्या मते दुसराही तितकाच चुकतो.

हिरव्या पाटीचं जरा सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्ये बॅटरीवरच्या वाहनांना हिरवी नंबर प्लेट ठरवून दिली. खासगी वाहनाला हिरव्यावर पांढरी अक्षरं, भाड्याच्या वाहनाला हिरव्यावर पिवळी. पोलिसाला लांबूनच ओळखता यावं हा त्यातला एक फायदा. पण ही पाटी फक्त गाडी कशावर चालते ते सांगते. गाडी आत्ता चार्ज होते आहे की नाही ते सांगत नाही. शिवाय मागे ‘हायब्रिड’ लिहिलेली जी गाडी पेट्रोल भरून चालते आणि जिला प्लगच नाही, तिला हिरवी पाटी मिळत नाही आणि चार्जरपाशी तिचं कामही नाही. उलट ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, अगदी कमी ताकदीची ई-स्कूटर घ्या. तिला नोंदणीच लागत नाही, म्हणजे हिरवी पाटीही नाही, पण साध्या चार्जिंग सॉकेटवर तिचा हक्क पूर्ण आहे. तेव्हा पाटी बघून निवाडा करू नका, वायर जोडलेली आहे का ते बघा.

आता कायदा. इथे बऱ्याच लोकांचा समज असा असतो की ‘चार्जिंगच्या जागेत गाडी लावणे’ असा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला मोठा दंड आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात चार्जिंगच्या जागेसाठी वेगळं कलम नाही. मग काहीच करता येत नाही का? येतं, पण आडवळणाने, आणि ते वळण समजून घेण्यासारखं आहे.

कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, कोणत्या ठिकाणी वाहनं उभी करायची आणि किती वेळ ते ठरवता येतं. स्थानिक संस्था म्हणजे इथे नांदेड-वाघाळा महापालिका किंवा लातूर महापालिका. कलम ११६ प्रमाणे वाहतुकीचे फलक लावता येतात. याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खाली रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियम करता येतात. ज्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, आणि नांदेड-लातूरला ते नाही, तिथे हा अधिकार पोलीस अधीक्षकांकडे असतो. म्हणजे सार्वजनिक रस्त्यालगतच्या चार्जरसमोर ‘फक्त चार्जिंग सुरू असलेल्या वाहनांसाठी’ असा नियम रीतसर काढून फलक लावला, तर तो फलक मोडणं हे नियम मोडणं ठरतं. त्याला कलम १७७ चा सर्वसाधारण दंड लागू शकतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तो पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा तेच केलं तर १,५०० रुपये आहे.

पण खरा जोर दंडात नाही, तो कलम १२७ मध्ये आहे. जिथे गाडी लावायला ‘कायद्याने मनाई’ आहे, तिथली गाडी टोइंगने हलवायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला गणवेशातला, त्या हद्दीतला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. शब्द लक्षात ठेवा: कायद्याने मनाई. कोणीतरी डांबरावर हिरवा रंग मारला, वर विजेच्या प्लगचं चित्र काढलं, एवढ्याने कायद्याने मनाई होत नाही. त्यामागे आदेश हवा, आणि गाडीवाल्याला वाचता येईल असा फलक हवा. आपल्याकडे रंग आधी येतो आणि आदेश मागून येतो, कधी कधी येतच नाही. मग हवालदारालाही हात बांधल्यासारखं होतं. तो म्हणतो, साहेब, चलन कशाखाली फाडू?

हे झालं रस्त्याचं. आपल्याकडचे बरेचसे चार्जर मात्र खासगी आवारात असतात. तिथे गणित बदलतं. मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी जागा. हॉटेलच्या मागच्या अंगणात तुम्ही हक्काने जात नाही, मालकाच्या परवानगीने जाता. त्यामुळे तिथे नियम मालकाचा. तो म्हणू शकतो की चार्जिंग संपल्यावर पंधरा मिनिटांत गाडी काढा, नाहीतर जादा पैसे पडतील. तो गाडी बाहेर काढा म्हणू शकतो. मात्र त्याला चलन फाडता येत नाही, आणि परस्पर साखळी बांधून कोणाची गाडी अडकवून ठेवली तर ते त्याच्याच अंगाशी येऊ शकतं. पेट्रोल पंपाचं आवार यांतल्या कोणत्या बाजूला बसतं यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. व्यवहारात तिथे पंपचालकाचा शब्द आणि त्याचा फलक हेच चालतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की खासगी आवारात कायद्यापेक्षा पैशाचा नियम जास्त कामाला येतो. टेस्ला कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये तिच्या वेगवान चार्जरवर असा आकार सुरू केला: चार्जिंग पूर्ण होऊनही गाडी जागा अडवून बसली तर मिनिटामिनिटाने पैसे. लोक धावत येऊन गाड्या काढू लागतात, कारण दंडाची पावती उद्या येते आणि मिनिटाचा मीटर आत्ता फिरतो. आपल्याकडे चार्जिंग बहुतेक ॲपवरूनच चालू-बंद होतं, गन कधी लागली आणि वीज कधी थांबली हे यंत्राला माहीत असतं. म्हणजे सोय हाताशी आहे. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढला, वजन झालं, की तो कोणी काट्यावर उभा ठेवत नाही. ठेवला तर मागचे वीस जण ठेवू देत नाहीत. चार्जरमागे अजून वीस जणांची रांग लागत नाही, म्हणून मीटर लागतो.

परदेशातल्या कायद्यांत दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन संहितेत अशा जागांबद्दल वेगळी तरतूद आहे. २०११ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि ‘इलेक्ट्रिक गाडी असणं’ याऐवजी ‘चार्जिंगसाठी जोडलेली असणं’ ही कसोटी आली. नळाखाली घागर पाहिजे, नुसती घागर घरात असून भागत नाही, हेच ते. जर्मनीने २०१५ च्या कायद्याने गाडीच्या नंबरच्या शेवटी ‘ई’ अक्षर दिलं आणि नगरपालिकांना अशा गाड्यांना पार्किंगमध्ये सवलत द्यायची मुभा दिली. तिकडे गाडी ओळखण्यावर भर, इकडे काम ओळखण्यावर. आपल्याकडे हिरवी पाटी आधीच आहे, त्यामुळे जर्मनीची वाट सोपी वाटते. पण चार्जर थोडे असतात तिथे कॅलिफोर्नियाचीच कसोटी बरी, असं आम्हाला वाटतं. सवलतीची जागा पुढे-मागे वाढवता येईल. आधी नळ मोकळा राहू द्या.

आता वेळेचा प्रश्न, कारण फलकावर किती वेळ लिहायचा यावरून फार घोळ होतात. सगळ्या चार्जरना एकच वेळ लावता येत नाही. साधा हिशेब करा. तीस युनिटची बॅटरी आहे, आणि ती वीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची आहे. म्हणजे अठरा युनिट हवेत. ३.३ किलोवॉटच्या मंद चार्जरवर याला साडेपाच तास लागतात. ३० किलोवॉटच्या डीसी चार्जरवर चाळीसेक मिनिटं, उन्हाळ्यात बॅटरी तापलेली असेल तर थोडी जास्त. ऐंशी टक्क्यांनंतर मात्र बॅटरी स्वतःच वीज कमी घ्यायला लागते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येकदा आधीच्या साठ टक्क्यांएवढा वेळ जातो. म्हणून वेगवान चार्जरवर शंभर टक्के होईपर्यंत बसणं म्हणजे घागर काठोकाठ भरायच्या नादात थेंब थेंब गाळत नळ धरून ठेवणं. पुढचं गाव लांब असेल तर भरा, कोणी नाही म्हणणार नाही. पण लातुरातच मुक्काम असेल तर ऐंशीवर उठा. मंद चार्जरसमोर ‘एक तास’ असा फलक लावला तर तोही बिनकामाचा, एका तासात तीन-सव्वातीन युनिट वीज घेऊन कोणाचं काय भागणार?

यात विजेच्या दराचा एक पेच आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जिंगच्या सोयींबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंग केंद्रांना वीज स्वस्त आणि बाकीच्या वेळी महाग, अशी रचना आहे. सौरऊर्जा दुपारी भरपूर असते म्हणून. पण नेमक्या त्याच तासांत नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या शिकवण्यांच्या भागात पार्किंगला सुई टोचायला जागा नसते. म्हणजे वीज स्वस्त असते तेव्हाच जागा अडलेली असते. संध्याकाळी जागा मोकळी होते तोवर दर चढलेला असतो. याचा फटका मोटारवाल्याला फारसा बसत नाही. तो बसतो ई-ऑटोवाल्याला, कारण त्याची दुपारची दोन तासांची सुट्टी हीच त्याची चार्जिंगची वेळ. ती हुकली की संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागतं. या सगळ्या चर्चेत ज्याचं पोट अडतं असा हाच एक माणूस आहे, आणि फलक लिहिताना त्याला कोणी विचारत नाही.

बरं, प्रत्यक्ष जागा अडलेली दिसली तर काय करायचं? आधी यंत्रावर लिहिलेला चालकाचा नंबर लावा, किंवा आवाराच्या रखवालदाराला सांगा. निम्म्या वेळा गाडीवाला जवळच कुठेतरी चहा पीत असतो. फलक, गाडीची नंबर प्लेट आणि चार्जर तिन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढून ठेवा. सार्वजनिक रस्ता असेल आणि फलक रीतसर असेल तर शहर वाहतूक शाखेला कळवा. चाकाची हवा सोडणं, काचेवर ओरखडे काढणं, हे मात्र अजिबात करू नका. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा आहे, आणि तेव्हा आरोपी तुम्ही असता, तो नाही.

काही प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

एका श्रोत्यांनी विचारलं आहे: आमच्या अपार्टमेंटमध्ये एकच चार्जिंग पॉइंट आहे आणि एक शेजारी रोज तिथेच गाडी लावतात, म्हणतात की बिल्डरने जागा मला विकली आहे. तर ताई, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं आहे की स्टिल्टखालची आणि मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक असते. तिचं वाटप सोसायटी करते. तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव घ्या: हा पॉइंट सामाईक, वेळा ठरलेल्या, वीज वेगळी मोजायची, आणि चार्जिंग झालं की गाडी आपापल्या जागी. शेजाऱ्यांना स्वतःला वाटून मिळालेल्या जागेत स्वतःच्या खर्चाने पॉइंट बसवायचा असेल तर तोही मार्ग आहे.

दुसरा प्रश्न: ई-स्कूटर मोटारीच्या वेगवान चार्जरसमोर लावली तर चालते का? चालत नाही, कारण बहुतेक स्कूटरना ती गनच बसत नाही. हिरवी पाटी असली तरी त्या जागेपुरती ती स्कूटर आणि पेट्रोलची मोटार सारखीच. जिथे साधं सॉकेट आहे तिथे लावा. आणि जागा आखणाऱ्यांनी मोटारीच्या एका जागेत चार स्कूटर मावतात हे ध्यानात ठेवून सॉकेटची जागा वेगळी काढावी.

शेवटचा प्रश्न नांदेडहून: गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पाहुणे येतात, रात्री लॉजच्या चार्जरला गाडी लावून झोपतात, हे चूक का? मंद चार्जर असेल तर मुळीच नाही, रात्र हीच त्याची वेळ. बाहेर वेगवान चार्जर एकच असेल तर मात्र तो रात्रभर धरू नका, हैदराबादकडून देगलूर-नरसीमार्गे येणारा एखादा रात्री अकराला पोहोचतो. एक साधी युक्ती करा: गाडीच्या पुढच्या काचेआड आपला मोबाइल नंबर कागदावर लिहून ठेवा. आणि त्या रात्री फोन सायलेंटवर टाकू नका.